पोकळ पात्याचा गाभा



बस्तरचा घडवा कारागीर पोकळ मूर्ती करू लागतो तेव्हा आधी मातीचा गाभा घडवतो. त्यावर मेणाचे धागे बसवतो, वरून पुन्हा माती लिंपतो आणि मेण वितळून रिकाम्या झालेल्या जागेत पितळ उतरवतो. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही मेणाच्या साहाय्याने करावयाचे ओतकाम वर्णिलेले आहे. जेट इंजिनाच्या टर्बाइनचे पाते मूलतः याच रीतीने ओतले जाते. पात्याभोवतीचा वायू पात्याच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक तप्त असू शकतो. पाते तगते ते त्याच्या पोटातील अरुंद मार्गांतून खेळणाऱ्या हवेमुळे. हे मार्ग सिरॅमिक गाभ्याने घडतात.

हा गाभा बहुधा काचरूप सिलिकाचा असतो, कारण तापल्यावर तो फारच थोडा प्रसरण पावतो. त्याच्या वाट्याला येणारे भोग मात्र विलक्षण आहेत. प्रथम दाबाखाली येणारे मेण त्याला थंड अवस्थेतच मोडू पाहते. पुढे सुमारे 1500 अंश सेल्सिअसचा निकेल-मिश्रधातूचा रस त्याला वेढतो, आणि एकस्फटिकी पाते ओतताना तर तासन् तास न वाकता उभे राहावे लागते. इतके सोसल्यावर त्याने कढत दाहक अल्कलीत विरघळून नाहीसे व्हायचे! म्हणून सच्छिद्रता टाकून त्याला दगडासारखा घट्ट करणे हा उपाय येथे चालत नाही.

असे गाभे पोलादी साच्यात दाबाने भरून केले जातात. साचा महाग, तयार व्हायला महिने लागणारा, आणि त्यातून सुटू शकेल एवढाच आकार देणारा. चार्ल्स हल यांना 1986 साली ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तिच्यात प्रकाशाने द्रव रेझीन थराथराने घट्ट करतात. मिशेल ग्रिफिथ आणि जॉन हॅलोरन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्या रेझीनमध्ये सिरॅमिकची भुकटी मिसळून वस्तू घडवल्या. साच्याची अट गेली. पण दुबळेपणाचे एक नवे कारण आले.

ते म्हणजे थर. ओल्या वस्तूच्या घनफळाचा निम्म्याच्या आसपास भाग रेझीनचा असतो. तो जळताना निघणारा वायू वाट शोधतो आणि ती वाट त्याला दोन थरांच्या सांध्यात सापडते. मग तडे तेथेच पडतात. थरांना आडवा भार दिला तर एक बळ, सांधे उकलतील असा दिला तर दुसरे, असा प्रकार होतो. यावर पहिला उपाय धीराचा: रेझीन अतिशय सावकाश जाळणे. दुसरा प्रकाशाचा: नवा थर घट्ट होताना खालच्या थरातही किरण पुरेसे शिरतील असे पाहणे. तिसरा भुकटीचा: मोठ्या कणांमधील फटींत बारीक कण बसतील असे मिश्रण करणे, म्हणजे भाजताना आक्रसणे कमी होते.

सर्वांत मनोरंजक भाग क्रिस्टोबलाइटचा. तापवल्यावर काचरूप सिलिका हळूहळू या स्फटिकरूपात बदलते, आणि ॲल्युमिना किंवा झिरकॉनसारखी द्रव्ये मिसळून या बदलाची गती कमीअधिक करता येते. ओतकामाच्या उष्णतेत हे स्फटिक गाभ्याला वाकू देत नाहीत. परंतु थंड होताना, सुमारे 200 ते 270 अंशांदरम्यान, ते एकाएकी आकुंचन पावतात आणि सूक्ष्म तडे पडतात. भाजणीतच ते फार झाले तर गाभा मेणाच्या दाबाखाली मोडतो. ओतकामाच्या वेळी झाले तर ते हवेच असतात. धातू गोठल्यानंतर पडणारे तडे अल्कलीला आत शिरण्याची वाटच करून देतात. थंड अवस्थेतील बळासाठी भाजलेला गाभा रेझीनमध्ये भिजवतात; ते बळ पुढे भट्टीत जळून जाते, पण तोवर त्याचे काम झालेले असते. सिलिकाच्या कलिल द्रावात भिजवले, तर भाजल्यावर छिद्रांत सिलिकाच मागे राहते.

म्हणून ‘गाभ्याचे बळ दुप्पट झाले’ असे कोणी सांगितले, तर मी तीन गोष्टी विचारतो. थरांच्या कोणत्या दिशेने मोजले? किती तापमानाला? आणि तो गाभा नंतर विरघळला का? तिसरा प्रश्न अनेकदा विसरला जातो.

हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने एकस्फटिकी पात्यांचे तंत्र विकसित केले असून, त्यातील 60 पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिल्याचे 2021 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. अशा पात्याच्या पोटात गाभ्याचा एखादा तुकडा अडकून राहिला, तर हवेचा मार्ग तेथे तुंबतो आणि नेमके त्याच जागी पाते जळते. म्हणून गाभा काढून झाल्यावर प्रत्येक पाते क्ष-किरणांखाली धरून पाहतात.