आपल्या घरातला सिनेमा आपणच पाहिला नाही
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘सिनेमा’ असा विषय पाहून सकाळपासून दहाजणांनी मला अडवले. साहेब, कापसाचे बोला, बोंडअळीचे बोला, हे काय काढले? एकजण तर म्हणाला, छापणाऱ्याची चूक दिसते. चूक नाही. विषय मीच दिला.

मी शेती शिकलेला माणूस. नोकरीत होतो तेव्हा एकरी नत्र किती, स्फुरद किती, दोन ओळींत अंतर किती, हे सांगत गावोगाव फिरलो. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे मला पक्के शिकवले होते. घरात काय चालले आहे ते विचारायचे मात्र कुणी शिकवले नव्हते. पावसाने दडी मारली की ‘दुबार पेरणी करावी’ असे पत्रक मी माझ्या हाताने वाटले आहे. दुसऱ्यांदा बी आणायला पैसा कुठला, हे त्या पत्रकात नसायचे आणि मीही सांगत नसे. ते जे राहून गेले, ते मला पुढे काही सिनेमांत सापडले.

आता हात वर करा. ‘स्थळ’ नावाचा सिनेमा किती जणांनी पाहिला? तीन. ‘गाभ्रीचा पाऊस’? पाच-सहा. ‘कडवी हवा’? एक. बरे. एवढ्या मोठ्या मांडवात हा हिशेब आहे, आणि हे तिन्ही सिनेमे आपल्यासारख्यांवर काढलेले आहेत.

‘स्थळ’पासून सुरू करतो, कारण तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आहे. दिग्दर्शक जयंत सोमलकर त्याच गावचे. त्यांनी मुंबईचे नट आणले नाहीत, गावातलीच माणसे उभी केली. गोष्ट अशी, की सविता नावाची मुलगी बी.ए.ला आहे, समाजशास्त्र शिकते, तिला पुढे परीक्षा द्यायच्या आहेत. बाप कापूसवाला. घरात एकच घोर, पोरीचे जमले पाहिजे. मग पाहुणे येतात. पाय धुवायला पाणी, पोहे, चहा. मुलगी डोक्यावर पदर घेऊन येते, स्टुलावर बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. पाहुणे जातात. निरोप येतो, रंग सावळा आहे, उंची कमी आहे. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा पोहे, पुन्हा तेच प्रश्न.

आपण सगळ्यांनी हे केलेले आहे. कुणी स्टुलावर बसून, कुणी समोरच्या खुर्चीवर बसून. मी खुर्चीवर होतो. माझ्या बायकोला मी त्या दिवशी काय विचारले होते ते हा सिनेमा पाहताना आठवले, आणि घरी गेल्यावर मी तिच्याशी फार बोललो नाही.

पण मला तुम्हाला दाखवायचा आहे तो त्यातला कापूस. पोरीचे लग्न आणि कापसाचा भाव या दोन गोष्टी त्या घरात एकाच खुंट्याला बांधलेल्या आहेत. बाप भावाची वाट पाहतो. भाव काही येत नाही. तिकडे वरपक्षाचा आकडा ठरतो. आपल्याकडे याला नशीब म्हणतात. नशीब कसले? ज्याला लग्नाच्या मुहूर्तावर कापूस विकावा लागतो, तो बाजारात काय टिकणार? सिनेमा २०२५ च्या मार्चमध्ये थिएटरात लागला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, आणि हमीभावाच्या खाली किती जणांनी घातला ते तुम्हीच एकमेकांच्या तोंडाकडे बघून सांगा.

आणखी एक गंमत. हाच सिनेमा २०२३ च्या सप्टेंबरात कॅनडात टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला बक्षीस मिळाले. म्हणजे डोंगरगावची गोष्ट टोरंटोला आधी पोहोचली आणि महाराष्ट्राच्या थिएटरात दीड वर्षाने. गाठ बांधून परदेशी गेलेला कापूससुद्धा कापड होऊन याहून लवकर परत येतो. आला तोही शहरांतल्या थिएटरांत. तालुक्याच्या टॉकीजचे बहुतेक ठिकाणी मंगल कार्यालय झाले आहे. म्हणजे जिथे सविताचा सिनेमा लागायला हवा, तिथे सविताचे लग्न लागते.

‘गाभ्रीचा पाऊस’ जुना आहे, २००९ चा. सतीश मनवर यांचा. तो अजून मागे पडला नाही, कारण त्यातली परिस्थिती मागे पडली नाही. विदर्भातला कापूस पेरणारा किसना, त्याची बायको अलका, पोरगा दिनू आणि म्हातारी. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. त्या दिवसापासून अलकाच्या मनात घुसते, की आता आपला नवरा. ती कुणाला काही सांगत नाही. पोराला सांगते, बापाच्या मागे राहा. घरात कधी नव्हे ते गोडधोड करायला लागते. किसनाच्या डोक्यात मात्र पाऊस आणि पेरणी, त्याला कळतच नाही की पोरगा सारखा मागे का येतो. पाहताना हसू येते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी कामही असे केले आहे की ते नट वाटत नाहीत. शेवट मी सांगत नाही.

त्यात एक पेरणी आहे. ढग दिसले म्हणून बी पडते आणि पाऊस जातो. हे दृश्य शहरातला माणूस पाहतो तेव्हा त्याला पाऊस दिसतो. आपल्याला पाकिटे दिसतात. बी.टी. कापसाच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत २०२४ मध्ये ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ९०१ झाली. एकरी दोन पाकिटे धरा, पाच एकर धरा. नऊ हजार रुपये जमिनीत गेले, वर पेरणीची मजुरी, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेवढेच. दुसऱ्यांदाचे नऊ हजार बँक देत नाही. ते कोण देतो हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका गावात समाजमंदिरासमोर पांढरा कपडा बांधून हा सिनेमा दाखवला. सिनेमा संपला आणि कुणी उठेना. मी नेहमीच्या सवयीने उभा राहून भाव, कर्ज, धोरण असे काहीतरी बोलायला लागलो. मागून एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, मोठ्याने म्हणाली, “मी बी पोराले धाडत होती तुमच्या मांगं. तुमाले काय वाटलं, तो डबा द्याले येत होता?” नवरा गप्प. सगळे गप्प. तो गडी आमचा जुना कार्यकर्ता आहे. किती मोर्चांना बरोबर आलेला, माझ्या मोटरसायकलवर मागे बसून फिरलेला. त्याच्या घरात एक सबंध पावसाळा हे चालू होते आणि मला पत्ता नाही. मी भाषण तिथेच थांबवले.

म्हणून मी हा विषय घेतला. आपल्या सभांत भावावर बोलणे होते, वसुलीवर होते. घरातल्या भीतीवर होत नाही. ती बाई सभेत कधीच बोलली नसती.

‘कडवी हवा’ हा हिंदी आहे, नील माधव पांडा यांचा, २०१७ चा. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. संजय मिश्रा त्यात हेदू नावाचा आंधळा म्हातारा झाला आहे. पाऊस आटलेला मुलूख, मुलगा कर्जात. कर्ज वसूल करायला येणारा गुनूबाबू, त्याला गावात यमदूत म्हणतात. म्हाताऱ्याला भीती, की मुलगा जीव देईल. म्हणून तो काय करतो? वसुलीवाल्याशी सौदा करतो. गावात कुणाकडे पैसा आला ते मी सांगतो, माझ्या पोराला तेवढा सोड. डोळे नाहीत, पण कान सगळीकडे. आपण मेळाव्यात एकीच्या घोषणा देतो. कर्ज ही एकी कशी कुरतडते हे पाहायचे असेल तर हा आंधळा म्हातारा पाहा. त्याचा राग येत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. आणि तो यमदूत स्वतः ओरिसाच्या किनाऱ्याचा, त्याचे घरदार समुद्राच्या तोंडाशी. एकाला पाण्याविना मरण, दुसऱ्याला पाण्याने. शाळेत पोरांना ऋतू किती म्हणून विचारतात तर एक पोरगा म्हणतो दोनच, उन्हाळा आणि हिवाळा.

माझी तक्रार एवढीच, की या सिनेमात सगळे हवेवर ढकलले आहे. पाऊस चांगला झाला त्या वर्षी आपण कर्जातून सुटलो का? हा प्रश्न सिनेमावाले सहसा विचारत नाहीत. बापाचे डोळे ओले दाखवतात, वजनकाटा दाखवत नाहीत. आणि ज्वारीवाला तर मी पाहिलेल्या सिनेमांत कुठेच नाही. पाखरे राखायला माणूस मिळत नाही म्हणून ज्वारी सोडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट कुणीतरी काढावी. रडके न करता काढली तरी चालेल.

रडके न करता कसे काढतात ते तमिळवाल्यांनी दाखवले आहे. ‘कडैसी विवसायी’, म्हणजे शेवटचा शेतकरी. मणिकंदन यांचा, २०२२ च्या फेब्रुवारीत आला. मदुराईकडच्या एका गावात जुन्या झाडावर वीज पडते. गावाला वाटते, कुलदैवताची पूजा राहिली म्हणून झाले. पूजेला गावात पिकलेले नवे भात लागते. आणि गावात भात पिकवणारा उरला आहे एकच म्हातारा, मायांडी, कानाने कमी ऐकणारा. बाकीच्यांनी जमिनी विकल्या. एकाने तर जमीन विकून हत्ती घेतला. हसू नका, आपल्याकडेही भूसंपादनाच्या पैशातून काय काय घेतले गेले ते तुम्ही पाहिले आहे.

म्हातारा रोप टाकतो. शेतात तीन मोर मेलेले सापडतात, तो बिचारा त्यांना पुरतो. कुणीतरी पाहते, आणि मोर मारल्याचा गुन्हा त्याच्यावरच. न्यायाधीश तरुण बाई आहे. माणूस निर्दोष आहे हे तिला दिसते, पण कागद आडवा येतो आणि म्हातारा कोठडीत. त्याला कोठडीची काळजी नाही. रोपाला पाणी कोण देणार? मग ती न्यायाधीश पोलीस शिपायाला हुकूम करते, जा, पाणी दे. शिपाई पाणी देतो आहे, ते पाहताना आमच्या गावात टाळ्या पडल्या. रोही आणि रानडुकरांनी उभे पीक आडवे केल्यावर पंचनाम्यासाठी हेलपाटे घातलेली माणसे होती ती.

मायांडी झालेले नल्लांडी खरोखरच शेतकरी होते, ऐंशीच्या पुढचे. सिनेमा येण्याआधीच ते वारले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची नोंद झाली. त्यातले एक मला पटले नाही, तेही सांगतो. बियाण्याच्या दुकानात बी नसलेल्या टोमॅटोवरून म्हातारा दुकानदाराला जे सुनावतो, ते मायबहिणींसमोर सांगण्यासारखे नाही, पण त्यावर सगळे खूष होतात. मी संकरित वाणांच्या विरुद्ध नाही. त्यांनी उत्पन्न वाढवले. भांडण बियाण्याशी नाही, ते कोणते घ्यायचे हे कोण ठरवतो याच्याशी आहे. हा वाद सिनेमानंतर गावात रात्री साडेअकरापर्यंत चालला, आणि माझ्या बाजूने चौघेच होते.

हा सिनेमा सोनी लिव्हवर आला. खालची अक्षरे इंग्रजी होती. आमच्याकडे एक मास्तर माईकवर मराठीत सांगत गेले. थोडे पदरचे घातले, पण चालले.

आता कामाचे. गावात सिनेमा दाखवायचा तर निर्मात्याची परवानगी घ्यावी लागते. मोबाइलवर फिरणारी चोरीची प्रत लावू नका. आपला माल कुणी फुकटात नेला तर आपण रस्ता अडवतो, त्यांनीही घाम गाळला आहे. परवानगीचे पत्र आम्ही तयार केले आहे, कार्यालयात मिळेल. ‘स्थळ’साठी पत्र गेले आहे. उत्तर आले की वेचणी सुरू व्हायच्या आधी तालुक्यातल्या एका गावात लावू. पडदा आणि यंत्र आमच्याकडे आहे. गावाने वीज, सतरंज्या आणि मास्तर द्यायचा. बायका पुढे बसतील, पुरुष मागे. सिनेमा संपल्यावर पहिला अर्धा तास माईक बायकांकडे राहील, माझ्याकडे नाही. ज्या गावांना पाहिजे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत डाव्या बाजूच्या टेबलावर नाव लिहा.