स्तंभ कोणता आणि स्तूप कोणता?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

भाषणाला उभा राहिलेला माणूस 'दोन शब्द बोलतो' असे म्हणतो आणि तासभर बोलतो. आम्ही आज खरोखरच दोन शब्दांवर बोलणार आहोत. एक शब्द स्तंभ, दुसरा स्तूप.

आम्ही काही विद्वान नाही. नववीपर्यंतची शाळा, पुढे रात्रशाळा, तीही अर्धवट. १९८८ साली गिरणीत बदली म्हणून लागलो आणि साच्यावर उभे राहिलो. गिरणी बंद पडली तेव्हा वाचायला वेळ मिळाला, तेवढाच काय तो बंद पडण्याचा फायदा! तेव्हा चुकलो तर पदरात घ्या, पण ऐकून घ्या.

गोष्ट अशी घडली. दोन वर्षांपूर्वी समितीने ठरवले की विहारापुढच्या मोकळ्या जागेत काहीतरी उभारायचे. पावतीपुस्तके छापून आणली. ती छापून आणणारे आम्हीच. पावतीवर होते, 'स्तूप उभारणी निधी'. घरोघर फिरलो. कोणी पन्नास दिले, कोणी पाचशे. मग एका मुलाने नकाशा काढून दिला, तो आम्ही फळ्यावर लावला. नकाशात होता अठरा फुटी खांब, वर चार सिंह. म्हणजे स्तंभ!

कोणाच्याच लक्षात आले नाही. लक्षात आले ते रविवारच्या धम्मवर्गातल्या एका नववीतल्या मुलीच्या. तिने उभे राहून विचारले, "मामा, पावतीवर स्तूप लिहिलाय आणि चित्रात स्तंभ आहे. बांधणार काय?" आम्हाला उत्तर येत नव्हते. उत्तर येत नसले की मोठी माणसे जे करतात तेच आम्ही केले. "बस खाली, दोन्ही एकच," म्हणालो. पोर खाली बसली. पुढचे दोन रविवार ती वर्गाला आलीच नाही.

बांधवांनो, त्या दोन रविवारांत आम्हाला झोप लागली नाही. ज्या बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' म्हणून सांगितले, त्यांच्याच नावाच्या वर्गात आम्ही एका मुलीचा प्रश्न दाबला. साच्यावर काम केलेल्या माणसाला तरी हे कळायला हवे होते. ताणा आणि बाणा, दोन्ही सूतच. शब्द सारखे, दिसायला सारखे. पण एक उभा जातो, एक आडवा. दोन्ही एकच समजून कापड निघेल काय? मग आम्ही वाचायला बसलो.

पाली भाषेत स्तंभाला थंभ म्हणतात आणि स्तूपाला थूप. आपण मराठीत 'थांबणे' म्हणतो ना, तो शब्द या थंभाच्याच घरातला. जो ताठ उभा राहतो तो थंभ. आणि थूप म्हणजे मुळात ढीग, रास, मातीचा उंचवटा. एक उभा केलेला, दुसरा रचलेला.

भगवंतांचे महापरिनिर्वाण कुशीनाराला झाले. त्यांच्या अस्थींसाठी राजे-राजे भांडायला उठले. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्ये पडून अस्थींचे आठ भाग केले. आठ ठिकाणी आठ थूप झाले. ज्या भांड्याने अस्थी मोजल्या त्या भांड्यावर द्रोणाने नववा बांधला, आणि उशिरा आलेल्या पिप्पलिवनाच्या मोरियांना चितेचे निखारे मिळाले, त्यांवर दहावा. महापरिनिब्बान सुत्तात हे सगळे आलेले आहे. म्हणजे स्तूपाच्या पोटात काहीतरी असते. अस्थी असतील, वापरलेली वस्तू असेल. ज्याच्या पोटात काहीच नाही, केवळ आठवण म्हणून उभारला, त्याला उद्देशिक म्हणतात. तोही चालतो.

फार लांब कशाला जायचे? आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक आणखी करंडक, आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत काय निघाले? हिरे-माणके नव्हेत. मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! सोन्यात माती जपून ठेवली होती.

स्तंभाच्या पोटात काही नसते. तो भरीव दगड. त्याचे जे काही आहे ते अंगावर आहे, अक्षरांत आहे. सम्राट अशोकाने चाळीस-पन्नास फुटी एकसंध दगड उभे केले, घासून आरशासारखे केले आणि त्यांवर प्रजेच्या भाषेत लिहिले. लुंबिनीच्या स्तंभावर लिहिले की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, इथे बुद्ध शाक्यमुनी जन्मले, म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा हिस्सा आठवा केला. बघा, वंदना केली आणि गरिबाचा करही कमी केला! लुंबिनीपासून जवळच निगाली सागर म्हणून ठिकाण आहे. तिथल्या स्तंभावर अशोक सांगतो की कनकमुनी बुद्धांचा थूप आपण वाढवला. म्हणजे स्तंभ बोलतो आहे आणि स्तूपाविषयी बोलतो आहे. दोन्ही एकच असते तर असे लिहिले असते काय?

आमच्या मते सगळा फरक इथे आहे. स्तूप सांभाळतो, स्तंभ सांगतो. स्तूपाला प्रदक्षिणा घालायची, स्तंभ वाचायचा.

हा फरक विसरला की काय होते तेही सांगतो. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण दाराजवळ अशोकाचा स्तंभ मोडून पडलेला आहे. तिथे असे सांगतात की कोण्या जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तो तोडला. त्या स्तंभावर काय लिहिले होते? जो भिक्खू किंवा भिक्खुणी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून बाहेर राहायला लावावे. संघ एक राहावा, चिरकाल टिकावा, हीच माझी इच्छा. एकीचा आदेश चरकाला गेला! तिकडे सारनाथला १७९४ साली बनारसच्या राजाचा दिवाण जगतसिंग याने विटांसाठी धर्मराजिक स्तूप फोडला. आत करंडक निघाला, त्यात अस्थी निघाल्या, त्या गंगेत सोडून दिल्या. ज्याला वाचता येत नाही त्याला स्तंभ म्हणजे दगड, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला स्तूप म्हणजे विटांचा ढीग. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपऱ्याचा स्तंभ दिल्लीला आणला, मोठमोठ्या पंडितांना दाखवला, एकालाही वाचता आला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते दगड पुन्हा बोलू लागले.

आता आपल्याकडे या. दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. आपल्यातलेच कितीतरी लोक 'कोरेगावचा स्तूप' म्हणतात. तो स्तूप नाही, स्तंभ आहे. १८१८ सालच्या लढाईत जे पडले, जे जखमी झाले, त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत शेवटी 'नाक' असलेली बावीस नावे आपल्या महार शिपायांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. आपण जातो, फुले वाहतो, फोटो काढतो. खरे सांगा, किती जणांनी ती नावे वाचली? आम्हीही पहिल्या चार खेपांत वाचली नव्हती. स्तंभाला स्तूप म्हटले की असे होते. हात जोडले जातात आणि वाचायचे राहून जाते.

उलट दादरची चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी तिथे बाबासाहेबांना अग्नी दिला. तिथला स्तूप १९७१ साली लोकांसाठी खुला झाला. आवारात अशोक स्तंभाची प्रतिकृती आहे, दार सांचीच्या तोरणासारखे आहे. पण माणसे कोसकोस चालत येतात ती खांबासाठी नव्हे, त्या घुमटाखाली बाबांच्या अस्थी आहेत म्हणून. नागपूरच्या दीक्षाभूमीचा १२० फुटी स्तूप तर आतून पोकळ आहे. सांचीच्या भरीव स्तूपात माणूस शिरू शकत नाही. दीक्षाभूमीच्या पोटात जाऊन आपण बसू शकतो. काळ बदलला, पण अस्थी जपण्याचे काम तेच.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. म्हणालो, "बाळ, तुझं बरोबर होतं. मामाचं चुकलं." मग धम्मवर्गाची सहल काढली. चाळीस जण मळवलीला उतरलो. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. भाज्याला डोंगरात कोरलेले चौदा लहान-मोठे स्तूप बघितले. तिथे राहून गेलेल्या थेरांचे ते स्तूप. काहींवर त्यांची नावे आहेत आणि नावापुढे शब्द आहे, थूपो. मग पलीकडे कार्ल्याला चढलो. लेण्याच्या तोंडाशी सिंहाचा खांब. महारठी अग्निमित्रणकाने तो दान दिला आणि तसा लेखही कोरला. त्यात शब्द आहे, सिहथंभो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या लोकांना दोन शब्द वेगळे माहीत होते, समोरासमोरच्या दोन डोंगरांवर लिहून ठेवले होते. आणि आम्ही पावतीवर घोळ घातला! ती पोर कोरीव अक्षरांवर नजर फिरवत होती. म्हणाली, "मामा, म्हणजे दगडालापण शुद्धलेखन येतं!" सगळे हसले. आम्हीही हसलो.

परत आल्यावर समितीत वाद झाला. काही म्हणाले, शब्दासाठी कशाला अडता, लोकांना चार सिंह आवडतात, स्तंभच करू. आम्ही म्हटले, पैसे स्तूपाच्या नावाने घेतले आहेत. विचारल्याशिवाय बदलता येणार नाही. शेवटी पावतीपुस्तक घेऊन पुन्हा घरोघर गेलो. बहुतेकांनी सांगितले, तुम्ही कराल ते मान्य. पण मागच्या चाळीतल्या एका आजींनी आम्हाला आत बोलावून बसवले. त्यांनी पेन्शनमधले पाचशे दिले होते. दर ६ डिसेंबरला त्या चैत्यभूमीला जायच्या. आता गुडघे चालत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं दारातच स्तूप होतोय, सांजच्याला धरून धरून फेरी मारीन. आता तुमी खांब बांधतायसा. खांबाला काय फेऱ्या मारू?"

बांधवांनो, जे समजायला आम्हाला दोन महिने पुस्तके चाळावी लागली ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. आम्ही समितीत येऊन तेच वाक्य सांगितले आणि वाद मिटला.

तुम्ही आज येताना पाहिलेच असेल. कमरेइतका, विटांचा, पांढरा स्तूप विहारापुढे उभा आहे. त्यात अस्थी नाहीत. तो उद्देशिक आहे. आजूबाजूला दोन माणसे जोडीने चालतील एवढी वाट ठेवली आहे आणि धरायला कठडा आहे. देणगीदारांची नावे स्तूपावर घातलेली नाहीत. त्यावरून थोडी नाराजी झाली, हे आम्ही लपवत नाही. पण सांचीला सहाशेहून जास्त दानलेख आहेत, ते कठड्यावर, फरशीवर, तोरणावर. विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांचे नाव आहे, आपल्यासारख्या एका विणकराचे नाव आहे. तशीच आपली नावे फाटकाच्या पाटीवर आहेत. पन्नासवाल्याचे आणि पाच हजारवाल्याचे अक्षर एकाच मापाचे.

आणि स्तंभ? स्तंभही करायचा आहे. पण आधी त्यावर काय लिहायचे ते ठरले पाहिजे. नुसते चार सिंह वर आणि खाली समितीची नावे, असा स्तंभ आम्हाला नको. ज्याच्यावर वाचण्यासारखे काही नाही तो स्तंभ नव्हे, विजेचा खांबही त्यापेक्षा उपयोगाचा. काय लिहायचे त्याचा कागद धम्मवर्गातल्या मुलांनी करायचा असे ठरले आहे. वर्गात तो कागद आता त्या नववीतल्या मुलीकडेच आहे. ती यंदा अकरावीला गेली. प्रत्येक घराने आपली सूचना तिच्याकडे द्यावी.

उद्या आपल्या मुलांनी असा काही प्रश्न विचारला तर आम्ही केली ती चूक करू नका. येत नसेल तर 'येत नाही' म्हणा आणि दोघे मिळून शोधा.

आजी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर पहिली फेरी त्यांची. आपण सर्वांनी त्यांच्या चालीने मागे चालायचे आहे, कोणी घाई करू नये. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!