दावणीखालचं खत



वर्गाच्या बाईंनी मला निरोप धाडला, की परसबागेच्या खताबद्दल दोन शब्द बोलायला या. मी भाषण करणारा माणूस नाही. कंधार तालुक्यात माझं चार एकर रान आहे. दोन बैल आहेत, एक लाल कंधारी गाय आहे आणि घरामागं परसबाग आहे. माझं बरंचसं शिक्षण त्यांच्यापाशीच झालं. तेव्हा जे हातानं केलं तेवढंच सांगतो. कुठं चुकलो तेही सांगतो.

आज मी तुमच्या अहमदपूर तालुक्यात शिरलो आणि पांदणीनं चालत गावाकडे आलो. गुरं रानातून परत येत होती. त्यांच्या मागं दोन बाया होत्या. डोक्यावर पाट्या होत्या. शेणाचा पो पडला की त्या उचलायच्या आणि पाटीत टाकायच्या. त्यांच्या पुढं एक पोरगं पळत होतं. चांगल्या खात्यापित्या घरचं असावं, कारण पायात बूट होते. त्यानं एका शेणावर खडा ठेवला. म्हणजे हे आमचं! त्या बाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. काही न बोलता ती चालू लागली.

पुढं एका घरी मी पाणी प्यायला थांबलो. तेच पोरगं पाटी घेऊन तिथं आलं. दावणीला पाच जनावरं. त्यांच्या पायाखाली चिखल. मूत वाहून नालीत चाललेलं आणि नाली रस्त्यात. दाराशी उकंडा. त्यावर दिवसभराचं ऊन पडून शेण वाळून खडखडीत झालेलं. मी घरधन्याला काही बोललो नाही. पाहुण्यानं बोलू नये. ते घर कोणाचं हेही मी सांगणार नाही. अशी घरं गावोगाव आहेत. बारा वर्षांपूर्वी माझंही असंच होतं.

पण हिशेब बघा. रस्त्यावरच्या पाटीभर शेणासाठी पोराला पळवलं आणि घरातलं त्याहून मोलाचं खत नालीत सोडून दिलं. ज्या बाईच्या दाराशी जनावर नाही, तिची चूल त्या रस्त्यावरच्या शेणावर पेटते. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यानं तिच्या पाटीत हात का घालावा? त्याचं खत त्याच्या दावणीखालीच आहे. ते कसं गोळा करायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एक बैल दिवसाला साधारण दहा किलो शेण टाकतो. त्यात आठ किलो तर पाणीच असतं. शिवाय तो पाच-सहा लिटर मुततो. हा शब्द ऐकून हसू नका, आणि लाजूही नका. शेण डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण उचलतो. मूत जिरून जातं, म्हणून विसरतो.

पिकाला मुख्यत: तीन द्रव्यं लागतात. नत्रानं पाला हिरवागार होतो. स्फुरदानं मुळ्या धरतात. पालाशानं दाणा आणि फळ भरतं. यांतलं स्फुरद बहुतेक शेणात राहतं. पण नत्राचा जवळजवळ अर्धा वाटा आणि पालाशाचा त्याहूनही मोठा वाटा मुतावाटे बाहेर पडतो. मुताच्या शंभर भागांत साधारण एक भाग नत्र धरा. चारा निकस असला तर त्याहून कमी. रोजचे पाच लिटर म्हणजे वर्षाचे अठराशे लिटर. त्यात नत्र झालं अठरा किलो. आता दुकानातून युरियाची ४५ किलोची गोणी आणता, तिच्यात नत्र असतं वीस किलोच्या आसपास. म्हणजे दावणीला बांधलेला एकेक बैल वर्षाला जवळजवळ एक गोणी युरिया नालीत सोडतो. सगळंच काही हाती लागत नाही. थोडं हवेत उडतं, थोडं रानात चरताना पडतं. पण निम्मं हाती लागलं तरी काय वाईट?

ही गोष्ट काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शेतीतज्ज्ञ होते. यशवंत वाड हे त्यांच्याबरोबर काम करीत. आपल्या इकडचे शेतकरी काडीकचरा कसा वाया घालवतात, आणि त्याचं सोनं कसं करता येईल, हे त्यांनी कित्येक वर्षं करून पाहिलं. १९३१ साली दोघांच्या नावानं त्याचं पुस्तक निघालं. तीच पुढं इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. तिच्यात शेणाइतकाच मान आहे गोठ्यातल्या मुतानं भिजलेल्या मातीला. आपण जिला घाण म्हणून झाडून टाकतो, तिला!

ही माती कशी धरायची ते सांगतो. उन्हाळ्यात, माती कोरडी असते तेव्हा, रानातली भुसभुशीत माती दोन-चार गाड्या आणून आडोशाला रचून ठेवा. ती पावसात भिजू देऊ नका. नुसती काळी माती नको. ती भिजली की चिकटते आणि जनावर घसरतं. तिच्यात थोडा बारीक मुरूम मिसळा. जनावरांच्या पायाखाली तिचा वीतभर थर द्या. वर चघळ पसरा, म्हणजे गव्हाणीत गुरांनी खाऊन टाकलेला कडबा. मूत चघळीत आणि मातीत जिरेल. ओली झालेली चघळ रोज सकाळी शेणाबरोबर उचला. माती दोन-अडीच महिन्यांनी खरवडून काढा आणि नवी टाका. पावसाळ्यात जरा लवकर काढावी लागते. गोठ्यातला वास कमी होतो, माश्या कमी होतात. जनावर कोरड्यात बसतं म्हणून त्याचे खूरही चांगले राहतात. फरशीचा गोठा असेल तर उतार एका बाजूला करा आणि तिथं मातीनं भरलेला खड्डा ठेवा.

हे मी एकदा आमच्याकडे सांगत होतो, तेव्हा एक मावशी उठून म्हणाली, "भाऊ, तुमचं सगळं खरं. पण शेण खड्ड्यात घातलं तर मी भाकरी कशावर भाजू? तुमच्या डोक्यावर?"

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सभेत बोलणारा सरळ म्हणतो, गोवऱ्या जाळू नका. त्याच्या घरी गॅस असतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गोरगरिबांच्या घरीही टाक्या आल्या, हे चांगलं झालं. पण टाकी भरायला पैसे लागतात, आणि ते दर महिन्याला कुठून आणायचे? म्हणून मी मावशीला म्हटलं, "गोवऱ्या थाप. पण आधी तुराट्या जाळ, पऱ्हाट्या जाळ." आपल्या लातूरकडे तूर काय थोडी पिकते? तुराट्या बांधावर पेटवून देतात आणि घरी शेण जाळतात, हा उलटा कारभार आहे. गोवरीची राखसुद्धा फेकू नका. तिच्यात पालाश उरतं. नत्र तेवढं जळून जातं. आणि मुताची माती तर कोणी चुलीत घालत नाही! ती घेतली तर चुलीचं काही कमी होत नाही. मावशीनं मान हलवली. "मग असं आधी सांगायचं की," म्हणाली.

आता खड्ड्याकडे वळू. परसबागेला मोठा खड्डा लागत नाही. सहा हात लांब, तीन हात रुंद आणि दोन हात खोल पुरे. जागा सावलीची बघा. पिण्याच्या पाण्याच्या आडापासून, हातपंपापासून लांब बघा. तळाशी धसकटं आणि जाड काड्या टाका, म्हणजे खालून हवा खेळेल. वर वीतभर काडीकचरा. सोयाबीनचं भुसकट चालेल, पाला चालेल, भाजीची देठं चालतील. त्यावर शेणाचा पातळ काला शिंपडा. मग मुताच्या मातीचा दोन बोटं थर. मग पुन्हा कचरा. असं करत खड्डा भरला, की हातभर वर चढवून शेणमातीनं लिंपून टाका. भरताना पाणी शिंपडा, पण बेतानं. आतला कचरा मुठीत दाबला, तर हात ओला व्हावा पण थेंब गळू नये. भांड्यांचं खरकटं पाणी याला चालतं. महिन्यानं एकदा वरखाली करा. आत हात घालवणार नाही इतकी ऊब असते. त्या उबेनं तणाचं बी मरतं. तीन-चार महिन्यांनी काळंभोर, हलकं खत होतं. त्याला शेणाचा वास राहत नाही, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. तोच वास आला की समजावं, झालं.

एक गोष्ट मात्र काळ्या रानातल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात खड्डा भरू नका. आपली जमीन पाणी धरते. खड्ड्याची विहीर होते आणि खत कुजायच्या ऐवजी सडतं. त्या चार महिन्यांत जमिनीवरच ढीग करा आणि वर पाचटाचं छप्पर घाला.

मी काय चुकलो, ते आता सांगतो. एका वर्षी घाई केली. आठ दिवसांचं शेण तसंच हळदीच्या वाफ्यात घातलं. शेजाऱ्यानं टोकलं होतं, पण मी ऐकलं नाही. पावसाळ्यात झाडं पिवळी पडायला लागली. उपटून पाहिलं तर मुळ्या कुरतडलेल्या आणि मातीत पांढऱ्या जाड अळ्या. हुमणी! कच्च्या शेणात ती जोमानं वाढते. निम्मी हळद गेली. बायको तेव्हा काही बोलली नाही, पण अजूनही मी घाई केली की "हळद" एवढाच शब्द उच्चारते.

ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी असं समजू नये की हे बैलवाल्यांचं काम. उस्मानाबादी शेळीच्या लेंड्या शेणापेक्षा सकस असतात. पण लेंडी कडक असते, कोरडी राहिली तर महिनोन् महिने तशीच पडून राहते. ती कुटून, रात्रभर पाण्यात भिजवून मग खड्ड्यात घाला. दोन शेळ्यांच्या लेंड्यांवर वांगी, मिरची, चुका, अंबाडी असा एक परस निघतो. रान रिकामं झाल्यावर धनगर मेंढरं घेऊन येतात. चार रात्री मेंढरं बसवून घ्या. त्यांचं धान्य किंवा पैसे ठरल्याप्रमाणे चोख द्या आणि लगेच पाळी घाला. लेंडी उघडी राहिली तर ऊन तिचं सत्त्व खातं.

लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लाल कंधारी वळू येतात, तुमच्या लातूर जिल्ह्यातले देवणी वळू येतात. लोक वशिंड बघतात, शिंगं बघतात, दात मोजतात. कौतुक करावं अशीच ती जनावरं आहेत. पण त्यांच्या पायाखाली काय जातंय, हे बघणारा अजून मला तरी भेटला नाही.

आता जनावरंच राहिली कुठं, असं कोणी म्हणेल. खरं आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दुष्काळात कित्येकांनी दावणी मोकळ्या केल्या. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, आणि विकलेल्या बैलाच्या जागी बैल आला नाही. ज्यांच्याकडे शेण थोडं आहे त्यांनी नाडेपची टाकी बघावी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदला पांढरीपांडे म्हणून गृहस्थ होते, नाडेप काका म्हणत त्यांना. विटांची, भोकं ठेवलेली टाकी त्यांनी बसवली. दहा फूट लांब, तीन फूट उंच. तिच्यात चौदा-पंधरा क्विंटल कचऱ्याला शेण लागतं फक्त एक क्विंटल. बाकी माती आणि पाणी. एका गाईवर ती सहज भरते.

थोडं आरोग्याचं. हाताला जखम असेल तर शेणात हात घालू नका. धनुर्वाताची सुई टोचून घ्या. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख कधीही लावू नका, मग कोणी म्हातारी कितीही आग्रह करो. गाभडलेल्या गाईचा जार खड्ड्यात टाकू नका, लांब नेऊन खोल पुरा.

शेवटी तुमच्या वर्गाच्या कामाचं. २०१५ साली सरकारनं मृदा आरोग्य पत्रिका सुरू केली. ती अनेकांच्या घरी फळीवर, कागदांच्या गठ्ठ्यात पडून आहे. ती घेऊन उद्या वर्गात या. त्यावर एक ओळ असते, "सेंद्रिय कर्ब". जोडाक्षरं अवघड आहेत, पण बाई शिकवतील. पुढचा आकडा ०.५ च्या खाली असेल, तर आपल्या रानाचं पोट रिकामं आहे. माझ्या रानाचा आकडा मी पहिल्यांदा नातवाकडून वाचून घेतला होता. दुसऱ्यांदा मी स्वत: वाचला.

आज माझा मुक्काम इथंच आहे. सकाळी धारा काढायच्या वेळेला मी गल्लीतून फिरणार आहे. ज्यांना खड्ड्याची जागा दाखवायची असेल त्यांनी हाक मारावी. फावडं आणि घमेलं मात्र मी आणलेलं नाही. ते तुमचं.