दाराला रंग देताय? आधी हे ऐका

आज आपला विषय आहे हॉल. आणि आमच्या हॉलमधल्या एका दारानं मला शिकवलेला धडा.

आमचं घर साताऱ्यात, १९९४ सालचं. हॉलमधून आत जाणारं दार चॉकलेटी ऑइलपेंटचं. थरावर थर चढलेले, खाली पोपडे सुटलेले. ताईला सातवा महिना लागला होता, ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. म्हटलं, त्याआधी हॉल मस्त करू. भिंती फिक्या आणि दार एकदम गडद, असं एका रीलमध्ये बघितलं होतं. मोरपंखी रंगाचा डबा आणला, पॉलिश पेपर घेतला आणि लागलो घासायला. पंधरा मिनिटांत हॉलभर चॉकलेटी धूळ!

तेवढ्यात शेजारचे रंगारी काका डोकावले. "अरे थांब! जुना रंग कोरडा घासतात का? ताई यायचीय ना तुझी?"

प्रश्न शिशाचा होता. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये ते कितीतरी जास्त असू शकतं. ही धूळ पोटातल्या बाळाला आणि लहान मुलांच्या मेंदूला घातक. रांगणारं बाळ जमिनीवरचा हात सरळ तोंडात घालतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

मी ताईला फोन केला, "पंधरा दिवस उशिरा ये."

"एका दारासाठी?" ती चिडलीच.

"हो, दारासाठीच."

मग काकांच्या हाताखाली काम केलं. हॉल रिकामा, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला मास्क. साधा रुमाल चालत नाही. दार ओलं करून सुटे पोपडे काढले, वॉटर पेपरनं ओलंच घासलं. झाडू अजिबात नाही, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. कचरा पिशवीत घट्ट बांधला. मग प्रायमर, खड्ड्यांत लांबी, परत हलका ओला हात, आणि मोरपंखीचे दोन पातळ हात. नवीन डब्यावर शिशाचं प्रमाण छापलेलं असतं, तेही वाचून घ्या.

आता बाकीचा हॉल. दार चमकदार, म्हणून बाकी सगळं मातकट आणि बिनचमकीचं ठेवलं. जमिनीवर थर लावताना आईचा नियम पाळला: खरखरीत खाली, मऊ वर. सगळ्यात खाली काथ्याची चटई, त्यावर सोलापुरी चादर, सगळ्यात वर आजीची गोधडी. घोंगडी बाळाला टोचेल म्हणून ती सोफ्याच्या पाठीवर टाकली. कोपऱ्यात बुरुडाकडची बांबूची टोपली, तिच्यात लंगोट. फक्त एक सांगतो, पावसाळ्यात हे थर दमट होतात, वास मारतात. ऊन पडलं की सगळं गच्चीवर टाका.

भाचा आता दहा महिन्यांचा आहे. गोधडीवरून रांगत जातो आणि त्याच दाराला धरून उभा राहतो. मध्येच दार चाटतो पण! तेव्हा ताई माझ्याकडे बघते, आणि ते पंधरा दिवस वसूल होतात.

तुमचं घर जुनं असेल तर रंगात शिसं आहे असंच धरून चाला, आणि घासायच्या आधी दार ओलं करा. घरात कोणी गरोदर असेल, लहान मूल असेल, तर काम संपेपर्यंत त्यांना दुसरीकडे पाठवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!