गावचा पैसा गावात



आम्ही जन्मभर मुलांना नफा-तोटा शिकविला. परंतु सर्वांत स्वस्त निविदा गावास नेहमीच लाभाची ठरते, असे नाही. इंग्लंडातील प्रेस्टन येथे नगरपालिका, पोलीस, महाविद्यालये आदी सहा संस्थांच्या खरेदीपैकी २०१२-१३ साली अवघे ५ टक्के द्रव्य नगरात राहत असे. २०१६-१७ साली ते १८ टक्क्यांवर गेले. तेथील परगण्याच्या परिषदेने शाळांच्या भोजनाचा मोठा ठेका फोडून दूध, दही, अंडी यांचे लहान ठेके केले. त्यामुळे स्थानिक पुरवठादारांस ते घेता आले आणि माल जवळच्या शेतकऱ्यांकडून आला.

मात्र निविदा सर्वांस खुली हवी. स्थानिक म्हणजे स्वज्ञातीय नव्हे! नगरपालिकेत बसणाऱ्या आपल्या सभासदांनी हे ध्यानी ठेवून लहान ठेक्यांचा आग्रह धरावा, एवढीच आमची विनंती.