उन्हाळ्यात रोपं जगवायची
(पिंपळगाव रेणुकाई येथील बैठकीत केलेले भाषण)



मिरचीच्या बाजाराला आपण इथं येतोच. आज पाण्याचं बोलायला जमलोय. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. विहीरवाल्यांच्याही वाळल्या, टँकर आणणाऱ्यांच्याही. मग डोंगराकडेच्या आपल्या मोह-आवळ्याच्या रोपांचं काय? आपल्याकडं हंडा आहे. तेव्हा हंड्याचाच हिशेब करू.

रोज तांब्याभर पाणी घालू नका. ते वरच सुकतं आणि मुळीही वरच राहते. आठवड्याला पाच लिटर द्या, पण मडक्यातून. बिनरंगाचं मडकं रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, तोंडावर खापरी ठेवायची. पाणी हळूहळू मुळाशी पाझरतं. मडकं पाझरत नसेल तर बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घाला. आळ्यात चार बोटं पाचोळा पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते. मावळतीकडून तुराट्यांचा आडोसा करा.

वीस रोपांना शंभर लिटर, म्हणजे आठवड्याला मोठे सात हंडे. पन्नास लावून चाळीस मारण्यापेक्षा वीसच लावलेली बरी. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की बरीचशी आपली आपण तग धरतात.

आता हे सात हंडे आणतं कोण? बायाच. आणि बैठकीत आम्ही गडी माणसं म्हणतो, "आम्ही झाडं जगवली." आम्हीही म्हटलंय, खोटं कशाला बोलायचं! २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ४(४) आहे. लग्न झालेल्यांचा जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं. ही कुणाची मेहरबानी नाही. दाव्यावर एकट्या गड्याचं नाव असेल तर ग्रामसभेत बसून आधी ते दुरुस्त करा.

एक गैरसमजही काढून टाका. आज झाड लावलं म्हणून नवी जमीन मिळत नाही. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा लागतो. त्याला जुना बांध, सपाट केलेलं रान, विहीर हे पुरावे चालतात. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. एकावर भागवू नका, दोन-तीन जोडा. शेजारच्या आजीला विचारा, हा बांध कधी घातला, त्यावरच्या आंब्याला पाणी कुणी वाहिलं. ती आहे तोवर लिहून घ्या, अंगठा घ्या.

आणि कुंभाराला मडकी माघातच सांगून ठेवा. चैत्रात माठांची गर्दी होते, भाव चढतो.