लेखी घटना आणि सीमेवरचे गाव
(नाकाडोंगरी येथील भाषण)



घटनेवर बोला, असा निरोप आला तेव्हा मनात म्हटले, हा तर वकिलांचा विषय! पण तुमसर तालुक्यातले हे तुमचे गाव बघा. 1956 च्या ऑक्टोबरअखेर ते मध्य प्रदेशात होते, 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. गाव जागचे तसूभर हलले नाही, राज्ये मात्र तीन झाली. कोणाच्या अधिकाराने?

राजाचा शब्द हाच कायदा, असा काळ फार जुना नाही. अमेरिकेने 1787 साली घटना लिहिली. पण भाषणाचे, सभेचे स्वातंत्र्य तीत कुठे आहे, म्हणून लोक अडून बसले, तेव्हा 1791 साली दहा दुरुस्त्या जोडाव्या लागल्या. आपल्याकडे सातारा भागातले औंध संस्थान अवघे 72 गावांचे. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींचा सल्ला घेऊन, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या मदतीने 1939 साली घटना केली आणि कारभार पंचायतींच्या हाती दिला. राजाने आपले हात आपणच बांधून घेतले! 1948 साली संस्थान विलीन झाले. नाहीतर तो प्रयोग कुठवर गेला असता, कोण जाणे.

मग 1950 साली भारताची घटना अमलात आली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर 1954 साली याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. मला हार बोचते. पण घटना करणाऱ्यालाही तिने एकच मत दिले, हेही खरे.

आता 3 रे कलम. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून त्याचा मुलूख तोडता येत नाही. आपल्याकडे विधिमंडळाचे मत विचारतात खरे, पण संसदेवर ते बंधनकारक नाही. साध्या बहुमताने सीमा सरकते. त्या 1 नोव्हेंबरला एकाच कायद्याने भंडारा आपल्या बाजूला आला आणि बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले. आपण पेढे वाटले, ते रडले.

म्हणजे 3 रे कलम दिल्लीच्या हाती. आपल्या हाती काय? 19 वे: बोलणे, निःशस्त्र शांततेने जमणे, संघटना करणे. त्याच बळावर संयुक्त महाराष्ट्र झाला. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका हो! चौकशीवाचून स्थानबद्ध करण्याची वाट 22 व्या कलमात घटनेनेच ठेवली आहे, आणि 1956 च्या जानेवारीत मुंबईत चळवळीचे पुढारी त्याच वाटेने तुरुंगात गेले. सभा थांबल्या का? नाही.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला. बेळगावची मराठी माणसे 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळत आली आहेत. त्यांना एक कार्ड टाका, नाकाडोंगरीचा शिक्का असलेले.